नवी गाडी, पहिले हजार किलोमीटर: इंजिनाचं रनिंग (नवं इंजिन रुळवणं) तुम्ही कसं केलंत?

अजिंक्यतारा (धागाकर्ता)

गेल्या गुरुवारी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घरी आली. अण्णांनी हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आईनं ओवाळलं. किल्ली हातात देताना शोरूममधला मुलगा एवढंच म्हणाला, "पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत पन्नासच्या वर नेऊ नका, साहेब." मी ते वाक्य देवाचं नाव घ्यावं तसं पाळतोय. सातारा शहरात, कोरेगाव रस्त्याला, कुठंही काटा पन्नासच्या पुढं जाऊ दिला नाही. गाडीला आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा नाही, त्यामुळं नजर सतत वेगाच्याच काट्यावर.

काल संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढत होतो. चौथा गियर, वेग ३५. एका वळणावर चढ अचानक उभा झाला आणि इंजिन दबलं. टाकीतून मांड्यांना जड धडधड जाणवायला लागली, आणि तिच्या आतून एक बारीक, कोरडा 'टक टक टक' असा आवाज. मी पटकन तिसरा टाकला. आवाज जागच्या जागी थांबला, गाडी मोकळी झाली आणि त्याच वेगात हसत चढली.

रात्री झोप लागेना. नियम तर मी पाळला होता, वेग पन्नासच्या कितीतरी आत होता, तरी इंजिनाला त्रास झाला. मग हा नियम नेमका कशासाठी आहे?

आज ९२ किमी झालेत. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८५.८ मिमी. २७ न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर ४००० आरपीएमला मिळतो आणि २०.२ बीएचपी ६१०० ला. एवढं पाठ आहे. पण रस्त्यावर त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं. ही गाडी मला पंधरा-वीस वर्षं ठेवायची आहे.

रानवारा

अभिनंदन! माझं मत आधीच सांगतो. रनिंग वगैरे जुन्या काळच्या गोष्टी आहेत. आता बोअर संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होतो, मायक्रॉनमध्ये मोजला जातो. मी माझ्या २०० सीसीला पहिल्या दिवसापासून दाबून चालवलं. ४१,००० किमी झालेत, थेंबभर ऑइल खात नाही. उलट जपून चालवणाऱ्यांच्याच गाड्या पुढं ढिम्म होतात.

निळा धूर

रानवारा, "जुन्या काळच्या गोष्टी" म्हणालात म्हणून जुन्या काळातलंच सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. माझ्याकडं टू-स्ट्रोक होती, नव्यानं बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठा करून) आणलेली. त्या काळी येझदीसारख्या गाड्यांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, आरएक्स १०० ला त्याची वेगळी टाकी असायची. माझी मिसळायची जात. नव्या बोअरला ऑइल थोडं जास्त घालायचं, हे मिस्त्रींनी बजावून सांगितलं होतं. मागच्या मडगार्डवर मी पांढऱ्या रंगानं 'रनिंग इन' असं लिहूनही घेतलं होतं. तेव्हा मोटारींच्या काचेवरसुद्धा ही पाटी असायची आणि मागचा माणूस ती वाचून हॉर्न द्यायचा नाही.

मे महिना, दुपारचे दोन. सोलापूरहून पंढरपूरला निघालो होतो. रस्ता सरळ, मोकळा, वारा पाठीमागून. मोहोळपर्यंत एकाच थ्रॉटलवर गाडी धरून ठेवली, कुठं कमी नाही की जास्त नाही. आधी गाडी ओढायची कमी झाली. कुणीतरी हळूच मागून धरल्यासारखं वाटलं. मी मूर्खासारखा ऍक्सिलरेटर आणखी पिळला. पुढच्या क्षणी कच्चकन आवाज आणि मागचं चाक जाम. क्लचवर दोन बोटं होती म्हणून वाचलो. क्लच दाबला तशी गाडी मोकळी झाली आणि गडगडत कडेला आली.

लिंबाच्या झाडाखाली पाऊण तास बसलो. गार झाल्यावर किक मारली, चालूही झाली. पण पिस्टन ओरखडून निघाला होता, पुन्हा बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. कारण मिस्त्रींनी समजावलं ते अजून लक्षात आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमधली फट केसापेक्षा कमी. नवा पिस्टन अजून आपल्या जागी रुळलेला नसतो, त्यात सलग उष्णता मिळाली की तो फुगून भिंतीला धरतो.

तुमच्या फोर-स्ट्रोकला इतका धोका नाही, मान्य. पण धातू तेच आहेत.

शिरोली फाटा

अजिंक्यतारा, तुमचा कान चांगला आहे. तो 'टक टक' ऐकून तुम्ही गियर खाली टाकलात, तिथंच अर्धं काम झालं.

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत २६ वर्षं होनिंग मशीनवर, म्हणजे बोअरची आतली भिंत घासून तयार करणाऱ्या मशीनवर काढली. स्लीव्ह आणि ब्लॉक, दोन्ही केलेत. म्हणून जरा खोलात सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

होनिंग झालेला नवा बोअर हातात धरून उजेडाकडं फिरवला की आत तिरप्या रेघा दिसतात. शंकरपाळे कापायला आपण पोळीवर कातणं फिरवतो ना, दोन्ही बाजूंनी तिरपं? अगदी तसं. नख फिरवलं तर बारीक खरखर लागते. त्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. खोल भागात ऑइल साठतं. आणि दोन रेघांच्या मधली जी बारीक शिखरं, ती पिस्टनवर बसवलेल्या रिंगा घासून सपाट करणार असतात. रिंग आणि बोअर एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे होतात. जगातलं कुठलंही मशीन हे शेवटचं काम पूर्ण करून देत नाही, ते त्या दोघांनाच करावं लागतं. आता शिखरं कारखान्यातच बऱ्यापैकी कापून देतात, म्हणून पूर्वीसारखे दोन-दोन हजार किमी लागत नाहीत. तेवढं रानवारांचं बरोबर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा. तिला भिंतीवर खरं दाबतो तो जळणारा गॅस. स्फोटाचा दाब वरच्या रिंगेच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला मागून बाहेर ढकलतो. थ्रॉटल जेमतेमच उघडत राहिलात तर हा दाब मिळतच नाही. रिंग नुसती वरवर घसरते. शिखरं कापली जायच्या ऐवजी चोळली जातात, वर जळक्या ऑइलचा थर बसतो आणि बोअर काचेसारखी गुळगुळीत होते. एकदा तसं झालं की रिंग कायमची सैल बसते, गाडी ऑइल खायला लागते. ते पुढं रस्त्यावर सुधारणं अवघड, पुन्हा होनिंगच करावं लागतं.

म्हणून वेगाचा काटा विसरा. बघायचा तो भार आणि आरपीएम. पन्नासचा नियम सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, गिऱ्हाईकानं पहिल्याच दिवशी शंभरनं पळवू नये म्हणून तो सांगतो. पण पाचव्यात चाळीस म्हणजे इंजिनाला जड. तिसऱ्यात पन्नास म्हणजे त्याला सोपं.

तुमच्या गाडीचं आणखी एक. स्ट्रोक ८५.८ मिमी, म्हणजे लांब. ४००० आरपीएमला पिस्टन सरासरी सेकंदाला साडेअकरा मीटर जातो. स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिमी, तिचा पिस्टन त्याच आरपीएमला सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास. त्यामुळं शंभर सीसीवर शिकलेला कान या गाडीला लावू नका. हिला उंच आरपीएमची गरज नाही, पण अगदी खालीही दाबू नका. मधला पट्टा तिचा.

अजिंक्यतारा

काका, शंकरपाळ्यांनी एका क्षणात डोळ्यासमोर आणलंत. मग प्रत्यक्षात उद्या सकाळी गाडी काढल्यावर मी काय करू?

शिरोली फाटा

चालू केल्यावर जागेवर पाच-दहा मिनिटं रेस देत बसू नका, ते वाईटच. अर्धा-एक मिनिट, मग हळू निघा. पहिले तीन किमी लाडानं. हेड लवकर तापतं, खालचं ऑइल उशिरा तापतं.

गरम झाली की मोकळा रस्ता बघा. कोरेगाव रस्ता चालेल, हायवे नको, तिथं तुम्ही एकाच वेगात अडकता. तिसऱ्या गियरात ३० वरून अर्ध्या थ्रॉटलनं ५५-६० पर्यंत ओढू द्या. झटका नको, पण भित्रेपणाही नको. मग थ्रॉटल पूर्ण सोडा, क्लच दाबू नका, गियरमध्येच तिला ३० पर्यंत उतरू द्या. थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, त्या ओढीनं थोडं ऑइल रिंगांपर्यंत वर येतं आणि घासून निघालेली धातूची भुकटी धुऊन नेतं. असं आठ-दहा वेळा. मग साधी चालवा. पुन्हा थोड्या वेळानं. पहिले एक-दोनशे किमी यात सगळ्यात मोलाचे. मॅन्युअलात जी मर्यादा दिलीय ती मात्र ओलांडू नका.

आणि रानवारा, तुम्ही दाबून चालवलंत म्हणून तुमच्या रिंगा छान बसल्या, हे मला पटतं. पण मोटरसायकलमध्ये एकच ऑइल इंजिन, क्लच आणि गियरबॉक्स या तिघांना पुरतं. रिंगांना दाब हवा असतो, तशी गियरच्या दात्यांना, बेअरिंगांना आणि क्लच प्लेटांना सवड हवी असते. पहिल्या दिवशी रेड लाइनला (आरपीएमच्या कमाल मर्यादेला) नेऊन तुम्ही एकाचं भलं करताना बाकीच्यांवर भार टाकता. हळूहळू वाढवत नेलं तर दोन्ही साधतं.

रानवारा

गियरबॉक्सचा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता. माझ्या गाडीला पहिले सहा महिने दुसऱ्यावरून न्यूट्रल सापडायला त्रास व्हायचा, नंतर आपोआप गेला. याच्याशी संबंध असेल का?

शिरोली फाटा

क्लच आणि गियर रुळेपर्यंत बऱ्याच गाड्यांत तसं होतं. केबलही सुरुवातीला ताणते, तिची ढील एकदा बघून घ्यावी लागते.

पांडवलेणी

माझं उलट उदाहरण लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझी १२५ सीसी. नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन साधारण साठ किमी. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हाच रस्ता. मला सांगितलं होतं, पन्नास-पंचावन्न, त्याच्या वर नाही. मी ते इतकं मनावर घेतलं की महिनाभर रोज टॉप गियर आणि ५२ चा काटा, जाताना आणि येताना. हायवेला सगळे मला ओलांडून जायचे आणि मी मनाशी म्हणायचे, जाऊ देत, माझं इंजिन चांगलं होतंय.

चार हजार किमीला डिपस्टिक काढली तर टोकालाच जेमतेम ओल. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर "मॅडम, इतकं कमी होतंच" म्हणून वरून भरून दिलं. पुढच्या दोन हजारांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी तारीख, किमी आणि पातळी वहीत लिहून नेली होती, डिपस्टिकचे फोटोही. तेव्हा कुठं त्यांनी गाडी उघडली. रिंगा बदलल्या, बोअर पुन्हा होन केली. वॉरंटीत बसलं, पण त्यासाठी चार फेऱ्या आणि दोन रजा गेल्या.

मशीन जोडणारी मी स्वतः आहे, कारखान्यात दिवसभर टॉलरन्स बघते. तरी स्वतःच्या गाडीबद्दल कुणी नीट कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शिरोली काका, तुमचा प्रतिसाद मला त्या पहिल्या आठवड्यात वाचायला मिळायला हवा होता.

नव्या गाडीवाल्यांनो, ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा. गाडी सरळ उभी, साइड स्टँडवर नाही. मॅन्युअलात सांगितल्याप्रमाणं दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, मग बघा. आणि लिहून ठेवा. लिहिलेलं असलं की समोरचा माणूस ऐकतो.

शिरोली फाटा

ताई, वही नेलीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या गाडीत तेच एक कारण होतं असं मी न बघता म्हणणार नाही, रिंगच मुळात सदोष असू शकते. पण महिनाभर एकाच आरपीएमला हलक्या भारावर चालवणं नव्या बोअरला नक्कीच मानवत नाही. दुसऱ्यांदा रिंगा बसवल्यावर कसं चालवलंत?

पांडवलेणी

त्या वेळी एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं, पहिला आठवडा हायवे सोडा. मग मी आतल्या गावांच्या रस्त्यानं जात होते. सारखे गतिरोधक, वळणं, बैलगाड्या, चढ-उतार. वीस मिनिटं जास्त लागायची. त्यानंतर ११,००० किमी झालेत, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पातळी हललेली नाही.

मांडवी काठ

इंजिनावर इतकं चांगलं लिहिलं गेलंय, मी फक्त टायरबद्दल भर घालतो. माझी गाडी जूनमध्ये आली, आमच्या गोव्यात तेव्हा पाऊस सुरू झालेला. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. १८ किमी झाले होते, डिचोलीजवळ साध्या वळणावर मागचं चाक सुटलं. वेग अगदी कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. पहिले शंभर-दीडशे किमी गाडी फार झुकवू नका. ब्रेकचे पॅडही नवे असतात, सुरुवातीला पकड कमी. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलके-हलके ब्रेक लावून ते बसवून घ्या, मग चोर्ल्याच्या घाटाला जा.

अजिंक्यतारा

५०० किमीचं सर्व्हिसिंग काल झालं. मधले चारशे किमी काकांनी सांगितलं तसेच चालवले. सकाळी लवकर कोरेगाव, रहिमतपूर, एकदा मेढ्यापर्यंत.

पहिले काही दिवस घरी आल्यावर सायलेन्सरमधून जळक्या मेणासारखा वास यायचा आणि किंचित धूर दिसायचा. घाबरलो होतो. तो वरच्या लेपाचा होता, आठवडाभरात गेला. सायलेन्सरचा वाक आता फिका सोनेरी झालाय. गाडी बंद केल्यावर गार होताना 'टिंग, टिंग' करते, तो आवाज ऐकत मी पायरीवर बसतो. आई म्हणते, जेवायला ये आता.

सर्व्हिसिंगला मी समोर उभा राहिलो. ऑइल काढताना ट्रे उन्हात होता. काळपट तपकिरी धार पडली आणि ट्रेमध्ये पसरली, तेव्हा त्यात अभ्रकासारखी चमक दिसली. बोट बुडवून अंगठ्यावर घासलं. कण हाताला लागत नव्हते, फक्त दिसत होते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नेलं होतं, ते ट्रेमधून फिरवलं तर त्याला राखाडी लोण्यासारखा लेप आला. काका, हे जास्त आहे का?

शिरोली फाटा

नाही. लोण्यासारखं आलं म्हणजे बरोबर. तीच तुमची शिखरं. टोचणारा तुकडा किंवा पापुद्रा आला असता तर मी काळजी केली असती. चुंबकाला न चिकटणारी पण चमकणारी भुकटी ॲल्युमिनियमची, तीही पहिल्या वेळी थोडी असते. फिल्टर बदलला का?

अजिंक्यतारा

हो, बदलताना डोळ्यानं पाहिला. ऑइल मॅन्युअलात आहे तेच, १५डब्ल्यू-५० जाडीचं, डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं. शेजारचे एक जण म्हणत होते मोटारीचं भारी सिंथेटिक घाल.

शिरोली फाटा

मोटारीचं अजिबात नको. मोटारीचा क्लच कोरडा, तुमचा ऑइलात बुडालेला. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच प्लेटा घसरतात. एमए२ ही खूण त्याचसाठी आहे. आता पुढचं ऑइल मॅन्युअलाच्या आधीच, दोन हजारांच्या आसपास एकदा काढा. सक्ती नाही. मी माझ्या गाडीला तेवढं करतो.

निळा धूर

चेनही बघा हो. नवी चेन पहिल्या हजारात लवकर सैल पडते. सगळे इंजिनाचं बघतात आणि चेन कोरडी वाजत राहते.

अजिंक्यतारा

चेन ताणून घेतली, निळा धूर काका. तुम्ही म्हणालात तशीच सैल होती.

आज २,०४० किमी. सकाळी अण्णांना मागं बसवून कासला जाऊन आलो. यवतेश्वरच्या त्याच वळणावर पोचलो तेव्हा मी आधीच तिसऱ्यात होतो. दोन माणसं, ४० चा वेग, थ्रॉटल अर्ध्याच्या आत. एक सलग, भरलेला आवाज, कुठं अडखळ नाही. वळण संपल्यावर चौथा टाकला आणि ती तशीच चढत राहिली. आता गियर कधी बदलायचा ते काट्याकडं न बघता कळतं. टाकीवर टेकलेल्या गुडघ्याला आधी कळतं, मग कानाला. अण्णांनी एकदाच खांद्यावर थाप मारली, बोलले काही नाही.

परत आल्यावर दारातच ऑइल काढलं. पहिल्या वेळचं थोडं मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं, आजचं दुसऱ्या बाटलीत भरलं. दोन्ही आता खिडकीत शेजारी-शेजारी आहेत. पहिलीच्या तळाला चांदीची बारीक रेघ बसलीय. दुसरी नुसती काळी आहे, हलवून बघितली तरी काही चमकत नाही.